नळीला किती माणसं लागतात

गजभिये सर भित्रे होते. हे मी आधीच सांगून मोकळी होते. पांढुर्ण्यात अजूनही त्यांचं नाव निघालं की कोणीतरी विचारतंच, "ते मास्तर ना, ज्यांनी आग लागल्यावर पाणी कमी केलं?" मग माझं डोकं फिरतं, आणि डोकं फिरलं की मला धड काही सांगता येत नाही. तेव्हा भित्रे होते, मान्य. जिन्याचा कठडा हलवून पाहिल्याशिवाय ते वर चढायचे नाहीत. स्टाफरूममध्ये पंख्याच्या बरोबर खाली खुर्ची असली तर ती दोन हात सरकवायचे आणि मगच बसायचे. चहा आला की आम्ही पिऊन उठायचो, तरी हे कपाला बोट लावून पाहत असायचे.

मी मराठी शिकवायची, ते फिजिक्स. साल चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी असेल. गाव हिंदी राज्यातलं, म्हणून आमच्या शाळेत पुस्तक हिंदीत, फळ्यावरची अक्षरं इंग्रजीत आणि समजावणं आपल्या बोलीत, असा सगळा तीन गावचा कारभार होता. सरांना तो छान जमायचा.

"सर, एवढं भेव घेऊन जगता कसे हो तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"भेव नाई बाई," ते म्हणाले, "हिशेब करून राहिलो. पंख्याचा नट ढिल्ला आहे. पडला तं कुठी पडन?"

"पडला तर ना!"

"पडल्यावर काय हिशेब करायचा?"

मी माझी वही उचलून वर्गावर गेले.

ते रोज पांढरा शर्ट घालायचे, कडक इस्त्रीचा. डबा खाताना मांडीवर रुमाल, खडूची भुकटी उडाली की लगेच फुंकर. मी त्यांची टिंगल करायची, नवरदेव म्हणायची. एकदा त्यांनी हसतहसत सांगितलं, "बाई, माही माय लोकाच्या वावरात निंदायले जाये. तिच्यासोबत गेलो का आमाले अंगणातच बसवत. आमची जात त्यायले माहीत होती म्हून. पण मले लहानपणी वाटे का माहा सदरा मळला आहे म्हून बसवत असन. तवापासून सदरा मळू देत नाई." मी त्यानंतर नवरदेव म्हणणं सोडलं.

आईवडील लवकर गेले. मागे राहिला धाकटा भाऊ, नामदेव. सरांपेक्षा दहा वर्षांनी लहान. सरांनीच वाढवला. सरांचं लग्न झालं नव्हतं, विषय काढला की म्हणायचे, "नामदेवचं होऊ द्या." नामदेव आठवीत शाळा सोडून बसला आणि सावसर रोडवरच्या जिनिंगमध्ये लागला. हा एवढा धिप्पाड गडी, कापसाची गाठ नुसत्या खांद्यानं ढकलायचा. आणि सरांचा सगळा जीव त्याच्यात. गोटमारीच्या, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेच्या दिवशी गाव सगळं जाम नावाच्या नदीवर, पलीकडे सावरगाव, इकडे पांढुर्णा, दगडांचा नुसता पाऊस. आणि सर त्याच दिवशी पहाटेच्या बसनं नामदेवला सावसरला घेऊन जायचे. दरवर्षी. "मावशीची तब्येत बरी नाई," असं सांगून. मावशी खणखणीत होती. नामदेवलाही ते ठाऊक होतं, पण दादा म्हणतो म्हणून मुकाट जायचा.

त्यांचं शिकवणं मात्र भित्र्या माणसाचं नव्हतं. वर्ग घेऊन ते अंगणातल्या टाकीपाशी जायचे. नळाला रबरी पाइप लावायचा, पाइपचं टोक जमिनीवर मोकळं सोडायचं आणि नळ एकदम उघडायचा. पाइप सापासारखा वळवळायला लागला की पोरं पळायची, आणि सर दोन पावलं मागं उभे राहून ओरडायचे, "काहून उडून राहिला तो? कोणी ढकललं त्याले?"

"पाण्यानं, सर!"

"पाणी तं पुढं गेलं. मग पाइप मागं काहून आला?"

मग ते सांगायचे की पाणी फुकटात पुढं जात नाही. जेवढ्या जोरानं पुढं जातं तेवढ्याच जोरानं पाइपला मागं ढकलतं. बंदुकीचा दस्ता खांद्याला लागतो, तसंच हे. फक्त बंदूक एकदा धक्का देते, पाणी देतच राहतं. माझा वर्ग समोरच होता. व्याकरण शिकवता शिकवता मीही ऐकायची.

एकदा ते रामाकोन्याला आमच्या बागेत आले होते, संत्री खायला म्हणून बोलावलं होतं. संत्री राहिली बाजूला. विहिरीवरच्या मोटारीचा पाइप पाणी सोडताना उड्या मारायचा म्हणून आमच्या बाबांनी त्यावर दगड ठेवला होता. सर तिथंच उकिडवे बसले. पाइपाचं तोंड आडवं धरायला लावलं, जमिनीपासून उंची मोजली, पाणी किती लांब पडतं ते काठीनं मोजलं. मग घड्याळ धरून ड्रम भरून घेतला. कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "काकाजी, तुमचं पाणी सव्वातीन किलोनं मागं ढकलते."

बाबा काही कमी नव्हते. त्यांनी कापूस तोलायचा स्प्रिंगचा काटा आणला, पाइपाला बांधला आणि मोटार सुरू केली. काटा तीन किलोच्या थोडा पुढं जाऊन थरथरत राहिला. "बापा!" बाबा म्हणाले. "निस्तं पाणी पडलेलं पाहून सांगतलं यानं!" त्या दिवशी सरांना पोतंभर संत्री मिळाली. बसमध्ये ते पोतं टपावर टाकायला तयार नव्हते, घाटात पडेल म्हणून. मांडीवर घेऊन आले.

हे जिनिंगच्या शेठच्या कानावर गेलं, आणि तिथून सगळं सुरू झालं.

जिनिंगमध्ये अंगणभर कापसाच्या गंज्या असतात. एक ठिणगी पडली की संपलं. म्हणून तिथं डिझेल इंजनावर चालणारा मोठा पंप होता आणि त्याला पितळी तोंडाची जाड नळी. आग लागली की ती नळी चौघं धरायचे. का चौघं, ते कोणालाच सांगता यायचं नाही. जुन्या फोरमनपासून चौघंच धरत आले होते. हंगामात गाठी बांधायच्या प्रेसवर माणसं कमी पडायला लागली तशी शेठची नजर या चौघांवर गेली. त्यांनी सरांना निरोप धाडला, या आणि हिशेब करून सांगा, खरंच एवढी माणसं लागतात का.

सरांना केवढा आनंद! गावानं त्यांना कधी काही विचारलं नव्हतं. पोरांच्या मार्कांसाठी यायचे लोक, गणितासाठी कोण येतो? नामदेवनं तर आठ दिवस आधी जिनिंगभर सांगून ठेवलं होतं, "माहा दादा येऊन राहिला, मोजायले." शनिवारी शाळा सुटल्यावर सर निघाले. मला गादीत भरायला थोडा कापूस हवा होता, म्हणून मीही सोबत गेले.

शर्ट त्या दिवशी नवा होता. इंजनवाला रघू, नळीशी नामदेव आणि त्याचा एक जोडीदार, आणि काम टाकून बघायला जमलेली पंधरावीस माणसं. सरांनी नळी खांद्याच्या उंचीवर सरळ आडवी धरायला लावली. पाणी सुटलं. जिथं जमिनीला टेकलं तिथं सरांनी खडा ठेवला आणि फुटपट्टीची घडी उलगडून मोजलं. पंचवीस फूट. खांद्यावरून जमिनीवर यायला पाण्याला अर्धा सेकंद लागतो, तेवढ्यात ते पंचवीस फूट गेलं, म्हणजे त्याचा वेग कळला. मग ड्रम भरून पाहिला, म्हणजे सेकंदाला पाणी किती तेही कळलं. दोन्हींचा गुणाकार.

"अकरा किलो," सर म्हणाले. "अकरा किलोचा मागं धक्का आहे. एका माणसाचं काम आहे हे. पण मी दोन लिहितो."

शेठनं कागद पुढं केला. सरांनी हिंदीत लिहून दिलं की नळीसाठी दोन माणसं पुरेशी आहेत, खाली सही आणि सहीखाली एम.एससी. शेठनं तो कागद कापूस तोलायच्या काटाघराच्या भिंतीवर चिकटवला. दोन माणसं त्याच दिवशी प्रेसवर गेली. राहिले नामदेव आणि जोडीदार. परत येताना सर गाणं गुणगुणत होते. इतका निर्धास्त माणूस मी त्यांच्यात पुन्हा पाहिला नाही.

मग आली सव्वीस जानेवारी. जिनिंगमध्ये झेंडावंदनाला आम्हा मास्तरलोकांना बोलावलं होतं. बुंदीचा लाडू हातात आला, भाषण झालं, आणि शेवटी पाहुण्यांना पाण्याची गंमत दाखवायची म्हणून शेठनं रघूला खूण केली. इंजन असं काही गरजलं की कबुतरं उडाली. आडव्या धरलेल्या नळीतून पाणी सुटलं आणि थेट काटाघराच्या भिंतीच्या पायथ्याशी जाऊन आपटलं. नामदेव आणि जोडीदार दोघेही घसरत चार पावलं मागं गेले, जोडीदार तर चिखलात बसलाच. लोक खो-खो हसले, टाळ्या वाजल्या. मीही हसले, खोटं का बोलू.

माझ्या बाजूला सर हसत नव्हते. त्यांच्या हातातला लाडू चुरून खाली सांडला होता आणि पांढऱ्या शर्टाला तूप लागलं होतं, त्यांना पत्ता नव्हता.

"बाई, पाणी कुठी लागलं?"

"त्या भिंतीला. का हो?"

ते नळीपासून भिंतीपर्यंत पावलं मोजत गेले. परत आले तेव्हा चेहरा पांढराफटक. "पन्नास फुटाच्या वर आहे. त्या दिवशी पंचवीस होतं."

"बरं मग?"

"वेग दुप्पट झाला बाई. वेग दुप्पट म्हंजे सेकंदाले पाणीबी दुप्पट बाहेर पडून राहिलं. दुप्पट पाणी, दुप्पट जोरानं. धक्का दुप्पट नाई होत. चौपट होते." त्यांनी ओठ ओले केले. "पंचेचाळीस किलो. अन् म्या दोन माणसं लिहून देल्ली."

ते रघूकडे गेले. मी मागोमाग. सरांनी विचारलं, त्या शनिवारी इंजन पूर्ण चालवलं होतं का. रघू बिचारा लाजला. तो म्हणाला, "नाई गुरुजी. तुमचा नवा शर्ट होता. पुरा रेस देल्ला असता तं अंगावर उडालं असतं. म्हून म्या अर्ध्यावरच ठेवला."

गावात कोणी सरांच्या कपड्यांची इतकी काळजी केली नव्हती. त्यांनी रघूला दोष दिला नाही.

शेठकडे मात्र तेव्हाच गेले, चिठ्ठी मागं घेतो म्हणाले. शेठ पाहुण्यांत होते. "सर, तुम्हीच लिहून दिलं ना? सही तुमची ना? हंगाम भरात आहे. होळीनंतर पाहू." दुसऱ्या दिवशी सरांनी नवं पत्र नेऊन दिलं, चार माणसं हवीत असं. शेठनं ते टेबलाच्या खणात टाकलं. भिंतीवरचं भिंतीवरच राहिलं.

मग नामदेवला सांगून पाहिलं. ते बोलणं माझ्यासमोरच झालं, शाळेच्या फाटकाशी.

"नामदेव, तू नळीवरून नाव काढून घे."

"काहून?"

"ते सुटली तं पितळी तोंड डोक्यात बसन. माणूस जागेवर राहीन."

"अन् माह्या जागी कोण धरन?"

"दुसरा कोणी."

"तो कोणाचा भाऊ नसन का, दादा?" नामदेव चिडलेला नव्हता, खरंच विचारत होता. "अन् सारे म्हनतीन, मास्तरच्याच भावाचा मास्तरच्या कागदावर भरवसा नाई. माहं हासं नको करू लोकात."

नंतर सरांनी हा विषय काढला नाही. पण दर रविवारी नामदेवला शाळेच्या अंगणात घेऊन जायचे आणि एका जुन्या दोरखंडावर शिकवायचे. पाणी हळू सोडायला सांग. उभा राहू नको, बस. नळीचा वेढा घाल आणि वेढ्यावर बस, म्हणजे धक्का जमिनीत जाईल. तोंड वर धर. "कापसावर सरळ मारशील तं जळता कापूस उडून साऱ्या गंज्यावर जाईन. वर मार. पाणी वर जाऊन पावसावानी पडू दे. अन् वर मारलं का धक्का तुले मागं नाई ढकलत, खाली दाबते. जमीन धरते मग तुले." नामदेव मन लावून करायचा. दादाला बरं वाटावं म्हणून करतोय, असं मला वाटायचं.

शाळा सुटली की सर जिनिंगवर जाऊन काटाघराबाहेरच्या बाकावर बसायचे. सहाचा भोंगा होईपर्यंत. रोज. मी म्हणायची, "सर, चौकीदारी पत्करली का?" पण त्या दोन महिन्यांत ते वाळून खडंग झाले. वर्गात शिकवता शिकवता थांबायचे आणि खिडकीकडं पाहायचे. कुठं शेताच्या बांधावरचं, धुऱ्यावरचं गवत पेटवलेलं असायचं, तेवढा धूर दिसला तरी खडू खाली पडायचा. मला त्यांचा राग यायचा आणि दयाही यायची. आता वाटतं, राग कशाला करत होते मी?

मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा लागल्या. दुपारचा पेपर. वरच्या मजल्यावर माझी खोली आणि सरांची खोली शेजारी. साडेतीनच्या सुमारास जिनिंगचा भोंगा झाला आणि थांबेना. मी व्हरांड्यात आले. सावसर रोडकडे काळा धूर.

सर दारात उभे होते. परीक्षेच्या खोलीतून मास्तर हलू शकत नाही, नोकरीवर येतं. ते हलले नव्हते. हातात पुरवणीचे कागद होते.

"जा," मी म्हटलं.

"बाई, पेपर..."

"दोन्ही खोल्या मी पाहते. जा म्हणते ना!"

तर या माणसानं आधी कागद मोजून माझ्या हातात दिले. अठरा. आणि मग धावले. त्यांना धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. चप्पल जिन्यातच राहिली.

पुढचं मी लांबून पाहिलं. दोन्ही खोल्यांच्या मध्ये उभी राहून, एक डोळा पोरांवर आणि एक जिनिंगच्या कंपाउंडच्या भिंतीवर. थोड्या वेळानं भिंतीवरून पाण्याची पांढरी धार वर आली. सरळ वर, उंच, मग वाकून पलीकडे पडायला लागली, पावसासारखी. वर धरली! मी मनात म्हटलं, नामदेवनं वर धरली, शाब्बास रे पोरा. धूर एका बाजूनं पांढरा व्हायला लागला. आणि अचानक ती धार आडवी झाली. डावीकडे गेली, उजवीकडे फेकली गेली, पुन्हा वर उडाली, पुन्हा खाली. त्या टाकीपाशी पाइप वळवळायचा, तशी. मग धार भिंतीखाली गेली आणि दिसेनाशीच झाली. धूर पुन्हा काळा. एक पोरगी म्हणाली, "बाई, पाच मिनिटं राहिली का?" मी तिच्यावर ओरडले. अजून लाज वाटते.

किती वेळ गेला, कोण जाणे. पंधरा मिनिटं असतील. मग धार परत वर आली, पहिल्यासारखी उंच, आणि या वेळी हलली नाही.

पेपर गोळा करून, सीलबंद करून मी गेले तेव्हा आग विझली होती. दक्षिणेकडच्या दोन गंज्या जळून गेल्या होत्या. नामदेव ओट्यावर बसला होता, दोन्ही तळहात सोललेले, बाकी नखाला धक्का नाही. सर इंजनाशी उभे. शर्टाची बाही खांद्यातून फाटलेली, अंगावर काळं पाणी. आणि शेठ त्यांना लोकांसमोर वाटेल ते बोलत होते.

झालं होतं असं. नामदेव वेढ्यावर बसून नळी धरून होता तोवर ठीक होतं. मग जोडीदाराचा पाय घसरला, वेढा सुटला आणि नळी नामदेवला फरफटत न्यायला लागली. सोडली असती तर ते पितळी तोंड आजूबाजूच्या कोणाचंही डोकं फोडतं, म्हणून तो सोडेना. सर पोचले ते तेव्हा. धरायला या म्हणून ओरडले. सगळे कापूस वाचवायला धावत होते, कोणी आलं नाही. म्हणून ते नळीकडे न जाता इंजनाकडे गेले. रघूला म्हणाले, अर्ध्यावर आण. रघूनं आणलं. पाणी निम्मं झालं, नळी शांत झाली, नामदेव सुटला. पण पाणी लांबच्या गंजीपर्यंत पोचेना. शेठ धावत आले, चार माणसं धावत आली, सरांना ओढलं, शर्ट फाडला. सर इंजनाचा वेग कमीजास्त करायच्या दांड्यासमोरून हलले नाहीत. एकच म्हणत राहिले, "नळीवर दोघं अजून धाडा, मग वाढवतो." दोघं गेले. चौघांनी नळी धरली, तेव्हा सर स्वतःच रघूला म्हणाले, "आता पुरा दे." आणि बाजूला झाले.

शिक्षण खात्याकडून चौकशी बसली. त्यात शेठचं म्हणणं मोठं बिनतोड होतं. दोन माणसं पुरेशी हा मास्तरचा कागद खरा असेल, तर पाणी कमी का केलं? आणि खोटा असेल, तर लिहून का दिला? कसंही धरा, कापूस मास्तरनं जाळला. त्या दुसऱ्या पत्राचं विचारलं तर शेठला ते आठवेना.

सरांनी जबाब लिहिला तो मला वाचायला दिला. लिहिलं होतं की पहिला कागद चुकीचा होता. इंजन किती चालू आहे हे न विचारता मी मोजलं. चूक माझी एकट्याची. रघूचं नाव नव्हतं.

मी भडकले. "रघूनं रेस कमी ठेवला हे का नाही लिहिलं? त्याच्यामुळं तर झालं सगळं!"

"त्यानं माहा शर्ट वाचवला बाई. विचारायचं काम माहं होतं."

"आणि पाणी कमी केल्यावर गंज्या जळतील, एवढं तरी कळलं होतं का तेव्हा?"

"कळलं होतं," ते म्हणाले. "वेग अर्धा केला का वर मारलेलं पाणी चौथ्या हिश्श्यावर पडते. दक्षिणेकडच्या दोन जातीन हे मले माहीत होतं. हिशेब करूनच दांडा खाली घ्यायले लावला." आणि मग एकदम त्यांचे डोळे भरून आले. "तो फरफटून राहिला होता बाई."

दिवाळीनंतर बदलीचा कागद आला. सावसरकडच्या एका मिडल स्कूलवर, जिथं फिजिक्सचा वर्गच नव्हता. एम.एससी. माणूस सहावीला भूमिती शिकवणार. आमच्या हेडमास्तरांनी चहापान ठेवलं, त्याला निम्मे लोक आले नाहीत.

नामदेव मधल्या काळात दादाशी फारसा बोलत नव्हता. जिनिंगमध्ये त्याला टोमणे बसायचे, भावानं पाणी बंद केलं म्हणून. पण निघायच्या दिवशी ट्रंक त्यानंच खांद्यावर आणली. बसस्टँडवर मी आणि तो, एवढेच पोचवायला. हंगाम पुन्हा सुरू झाला होता, कापसाच्या गाड्यांनी रस्ता भरला होता. सर मधल्या सीटवर बसले, मग उठून खिडकीशी आले.

"नामदेव, आता नळीवर चौघं असते ना?"

"असते दादा. आगीनंतर शेठनंच लावले."

"रोज?"

"रोज."

"एखादा सुट्टीवर गेला तं?"

"तं मी नळीले हात लावत नाई. जाय तू, बेफिकीर जाय."

सरांनी त्याच्या चेहऱ्याकडं नीट पाहून घेतलं. मग मान हलवली, सीटवर टेकले आणि डोळे मिटले. बस हलली तेव्हा ते तसेच होते, तोंड किंचित उघडं, थकून झोपलेल्या माणसासारखे. ते मला दिसलेलं त्यांचं शेवटचं रूप. तीन वर्षांनी सावसरलाच गेले, काविळीनं.

बस वळणावर गेली. नामदेव तिथंच उभा.

"बाई," तो म्हणाला, "खोटं बोललो मी. तिघंच असतो. चौथ्याले मागच्या हप्त्यात प्रेसवर घेतलं."

मी घरी गेले नाही. सावसर रोडनं सरळ जिनिंगवर गेले, ऊन डोक्यावर, पायात चपला धड नाहीत. काटाघरात शेठ बसले होते. मला पाहून म्हणाले, "या बाई, गादीला कापूस पाहिजे का?"

मी म्हटलं, "नळीवरचा चौथा माणूस कुठं आहे?"

ते हसले. "तुम्ही तर मराठी शिकवता ना?"

"हो," मी म्हटलं, आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. "चौथा माणूस येईपर्यंत इथंच आहे मी."